सैल करदोडा

संशय घ्यायला मला कारण लागत नाही. त्या वर्षी तर कारण रोज सकाळी बूट घालून दारासमोरून पळत जायचं.

आमचे हे फौजेत हवालदार. कामठीच्या छावणीत आम्हाला क्वार्टर होतं. लग्नातला शेलाटा जवान पुढे स्टोअरमध्ये बसायला लागला आणि हातपाय तसेच राहून पोट तेवढं पुढे आलं. तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की पोटाच्या आत चरबी साचली आहे, रक्तदाब वाढलाय, हृदयावर ताण येतोय. रोज पळा. पुढच्या तपासणीत फरक दिसला नाही तर फौजेतून घरी बसायची वेळ येईल.

घरी बसण्याचं मला काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती बाबांच्या आठवणीने. भिवापूरला मिरची वाळत घातली होती, बाबा तिथेच उभ्या उभ्या बोलत होते आणि पडले ते पडलेच. तेही असेच होते, हातपाय काटक आणि पोट माठासारखं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या कमरेचा करदोडा तोडतात. बाबांचा काळा दोरा पोटाच्या वळीत इतका रुतला होता की काकांना विळ्याचं टोक आत घालावं लागलं. मी तिथेच बसले होते.

तर हे पळायला लागले. रविवारी आम्ही जरीपटक्याला बाजार करायचो आणि मग मी यांना नागपूर स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभं करायची. नाणं टाकलं की तिकीट पडायचं. दर वेळी वजन तेवढंच! एकदा तिकिटाच्या मागे भविष्य आलं, ‘आपल्या माणसांपासून सावध राहा.’ म्हटलं, घ्या, यंत्रालाही कळलं.

"खरंच पळता, का कँटीनमागे भजे खाऊन राहिले?" मी तिथेच विचारलं.

"पळतो वं."

"मंग वजन काहून नाही उतरत जी?"

"डॉक्टर म्हणते, वजनाले नको पाहू. आतली चरबी जाते अन् अंगात मांस भरते, काटा तिथंच राहते."

"डॉक्टर तुमच्याच फौजेचा. तो तुमच्याच बाजूनं बोलन."

मी यांचा भात कमी केला. बनियनला तेलाचा वास येतो का ते हुंगून पाहिलं. शेजारणीचा नवरा यांच्याबरोबर पळायचा, म्हणून तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, तुमचेच सगळ्यांच्या पुढे असतात. मला वाटलं, हिलाही यांनी फितवली.

मग एका सकाळी हे मागच्या अंगणात आंघोळीला बसले आणि पाठ घासायला मला हाक मारली. पाहते तर करदोडा कमरेवरून घसरून खाली लोंबत होता. मागच्या पोळ्याला मीच तो बांधला होता, तेव्हा त्याखाली माझं बोटही शिरत नव्हतं. आता अख्खी मूठ गेली. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? यांनी दोरा बदलला!

"हा कोणाचा दोरा जी? कोणं बांधून देल्ला?"

"कोण बांधन वं? तूच तं बांधला," हे साबणाने डोळे मिटून म्हणाले.

मी गाठ फिरवून पुढे घेतली. शेंडी दोनदा आत खोवलेली, माझ्या आईची गाठ. छावणीत ती माझ्याशिवाय कोणाला येत नव्हती. म्हणजे पळाला होता हा माणूस. खरोखर पळाला होता! मला रडू फुटलं, आणि ते यांना दिसू नये म्हणून मी अख्खी बादली यांच्या डोक्यावर ओतली.

तपासणीत हे पास झाले. डॉक्टरांनी छाती ऐकली, रक्तदाब मोजला आणि शाबासकी दिली. तरी घरी आल्यावर मी विचारलंच, "श्वास ओढून तं नव्हता ठेवला?"

पोळ्याला नवा करदोडा आणला. पुरुषाची कंबर रिकामी ठेवू नये, म्हणून आधी नवा बांधायचा आणि मग जुना काढायचा. "पोट सोडा आधी," मी म्हटलं. "सोडलंच हाय वं," हे हसले. जुन्याची गाठ सुटणारी नव्हती, म्हणून मी विळा आणून ठेवला होता. यांनी जुना दोरा दोन बोटांनी नुसता खाली सारला. तो मांड्यांवरून, गुडघ्यांवरून उतरला आणि पायाशी पडला, माझी गाठ जशीच्या तशी. विळा मी घरात नेऊन ठेवला.