किल्ली मीच दिली

चिमणी शाळेत संगणक शिकवायची. हे तिचं घरातलं नाव. केस पिकले तरी चिकटून राहिलेलं. थोरल्या भावाची नजर गेली तेव्हा तिने ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. पडद्यावरचं पान ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मधल्या जाहिराती गाळायचं. दादा म्हणाला, त्यातल्या थापाही गाळता येतात का बघ.

तिने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक वापरू लागले. एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांच्या फोरमवर ती रोज डोकावायची, नवख्यांच्या चुका न वैतागता निस्तरून द्यायची. तिथे तिला सगळे ताई म्हणत.

मग आई अंथरुणाला खिळली. शाळा, आई, दादा यांत चिमणीची ओढाताण होऊ लागली आणि इकडे वापरणाऱ्यांच्या तक्रारी साचत गेल्या. फोरमवरच्या एका गृहस्थाने आपणहून मदत देऊ केली. काम नेटकं, बोलणं लाघवी. नव्या आवृत्त्या काढायचा अधिकार तिने त्याला देऊन टाकला आणि पुन्हा तिकडे वळून पाहिलं नाही.

आई गेल्यावर ती फोरमवर परतली, तर एका बाईचा निरोप येऊन पडला होता. तिचं म्हणणं, एक्स्टेन्शन वाचलेलं प्रत्येक पान गुपचूप भलतीकडे पाठवतंय, आणि आपण त्यावर स्वतःच्या आजारपणाचे रिपोर्ट वाचत होतो. काहीतरी गैरसमज असणार, असं मनाशी म्हणत चिमणीने कोड उघडला. त्यात काही ओळी तिच्या नव्हत्या. त्या वाचलेलं पान खरंच दुसरीकडे पाठवत होत्या. गृहस्थाला लिहिलं; तो केव्हाच पसार झाला होता.

पलीकडच्या खोलीत दादा त्याच एक्स्टेन्शनवर बातम्या ऐकत होता. तिने त्याला थांबवून सगळं सांगितलं.

"तू केलंस हे?"

"नाही. पण किल्ली मीच दिली."

दादाने चाचपडत संगणक बंद केला. मग म्हणाला, "आधी लोकांना सांग. माझं बँकेचं नंतर बघू."

तिने हातचं काही न राखता फोरमवर लिहिलं: आत्ताच्या आत्ता काढून टाका, पासवर्ड बदला. ब्राउझरवाल्यांना कळवून एक्स्टेन्शन बंदही करायला लावलं. काहींनी पाठीवर हात ठेवला, पुष्कळांनी वाभाडे काढले. तिने सगळं वाचून काढलं. त्या बाईला माफीचं मात्र तिने तीनदा लिहून खोडलं. शेवटी कसंबसं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

शाळेतून आल्यावर ती दादाला स्वतः वाचून दाखवू लागली. घसा बसायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने एक्स्टेन्शन पहिल्यापासून लिहिलं. या खेपेला फोरमवरच्या दोघांनी तपासल्याशिवाय एक ओळही बाहेर जाणार नाही, तिची स्वतःचीसुद्धा नाही, असं ठरलं. थोडेच लोक परतले. दादानेही ते लावून घेतलं.

पण बँकेचं काम निघालं की तो ते बंद करतो, खोलीचं दार लोटून घेतो आणि बँकेतल्या माणसाला फोन लावतो. चिमणीला बाहेर ऐकू येतं. ती त्याला काही विचारत नाही.