वर फक्त कायदा जातो

आमच्या वकीलचाचांपुढे कुणी रडगाणं गाऊन दाखवावं! ते आधी विचारणार, "ही घटना आहे का कायदा?" जालन्यात कराचे खटले लढवणारे हे गृहस्थ अख्खी दुनिया या दोनच कप्प्यांत भरायचे. लहानपणी माझ्या हातून त्यांचा कप फुटला. मी घाबरले, तर म्हणाले, "कप फुटला, ही घटना. तुला मनाई होती का, हा कायदा. न्हाई ना? मंग जा, खेळ."

"घटनेचा फैसला ट्रिब्युनलमध्येच खतम. हायकोर्टात फक्त कायद्याचा सवाल जातो," हे त्यांचं पालुपद. चहावाल्यालासुद्धा ऐकवायचे. त्याला काय कळत असेल, देव जाणे.

पुढे हे आमच्याच घरावर आलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वडीगोद्रीचं रस्त्यालगतचं शेत विकलं. कर खातं म्हणालं, ही शेतजमीन नव्हतीच, विक्रीवर कर भरा. ट्रिब्युनलनेही निकाल दिला: इथं कधी पेरणी झाल्याचा पुरावा नाही. आण्णा थिजलेच. "तीस वर्षं कापूस लावला म्या तिथं! मंग काय झोपा काढून राह्यलो होतो?"

चाचांनी धीर दिला. "पुरावा समोर असून बघितला न्हाई, तर तो कायद्याचा सवाल होतो, पाटील. पीकपेऱ्याचा सातबारा जोडलाय आपण. जाऊ वर." अपिलाला चार महिन्यांची मुदत होती. आण्णांच्या जिवात जीव आला.

आठवड्याने चाचा भर उन्हात आमच्या घरी आले. तोच सातबारा त्यांनी आण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"माझ्या खणातच राह्यल्ता. फाइलीला लावलाच न्हाई मी."

"मंग आता वर?"

"ट्रिब्युनलसमोर कागदच नव्हता, पाटील. सवालच उरला न्हाई. चूक माझी."

मी हबकूनच गेले. चाचा आणि चूक? आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे, ते सांगायला आले! 'हायकोर्ट घटना बघत न्हाई' एवढंच म्हणाले असते, तरी आम्ही बापलेकींनी मुकाट मान डोलावली असती.

आण्णांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. दोन वर्षं. मीही घुश्शातच होते, आज त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात चाचा अचानक गेले. फोन आला तेव्हा आण्णांच्या हातून चष्माच पडला. मूठमाती देऊन आले आणि हात न धुताच ओट्यावर बसले.

"मी पेरल्तं तिथं, हे त्याला पक्कं माहीत होतं," म्हणाले. मग हातावरची माती चोळत राहिले.

"त्याच्याशी बोलायचं राह्यलं गं. मुदत गेली."