शेजारच्या बाईंची समुद्रफुलं

शेजारी राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई बारामतीत, बरणीतल्या मीठपाण्यात समुद्रफुलं पाळतात; दिसायला फुलं, पण असतात समुद्रातले जीव. साखर मागायच्या निमित्तानं मी रोज ती बघून येते. बाई वाक्यागणिक चष्मा पुसतात.

"आजी, तोंड कुठं, बूड कुठं हे ठरवणारी जनुकं यांना आणि आपल्याला एकाच पूर्वजाकडून मिळालीत."

"माझी बिघडलेली हायती. बी.एस्सी. सोडून मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून इंदापूरला गेले, तवा डोकं जागेवर कुठं होतं?"

बाई हसल्या नाहीत. परत वाढतं का बघायला त्यांनी गेल्या आठवड्यात कापलेल्या एका समुद्रफुलाचं नुसतं बूड बरणीत होतं. त्यांनी भिंग आणि नोंदवही माझ्यापुढं सरकवली. "आज तुम्ही लिहा."

पन्नास वर्षांनी मी भिंग डोळ्याला लावलं. बुडाला नवं तोंड फुटत होतं. तेवढंच लिहिलं आणि खाली लग्नाआधीच्या नावानं सही केली.