साक्षगंधाच्या अंगठीचा खडा

सोन्याच्या दुकानात काम करते म्हटलं की लोक भाव विचारतात. अहो, भाव पेपरात येतो! आमच्याकडे येऊन विचारायचे ते किस्से. एक सांगायला घ्यावा तर त्याला धरून दुसरा आठवतो, आणि तोवर तिसरं जोडपं साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, अंगठी बघायला दारात उभं असतं.

मी सुनंदा. चंद्रपूरच्या एका दुकानात रंगीत खड्यांच्या काउंटरवर मला अठरा वर्षं झाली. माझ्या मागे काचेच्या केबिनमध्ये करीमचाचा बसतात. सोन्यात खडा बसवणारे, म्हणजे जडाईचे कारागीर. डोळ्याला भिंग, मांडीवर चामड्याचा तुकडा, बोलणं फार कमी. पण जे बोलतात ते नेमकं. बोर्डावर नाव मालकांचं असलं, तरी दुकानाचं नाव झालं ते चाचांच्या हातामुळे. हे मालक स्वतः सांगतात!

*

माझा पहिलाच आठवडा होता. एक नर्स आली, ड्युटी गडचिरोलीला. तिला फिरोजा आवडला, आकाशी निळा. मी खूष! डबी काढते न काढते तोच मागून आवाज आला, "बाईले विचारा, दिवसातून किती वेळा हात धुते?"

मला वाटलं, नवीन आहे म्हणून माझी मस्करी चालली आहे. गिऱ्हाइकाला असलं काय विचारायचं! पण नर्सच म्हणाली, "मोजत नाई जी. स्पिरिट तं येता-जाता."

"मंग हा हिरवट पडन," चाचा म्हणाले. "फिरोजा पाणी पिते, तेल पिते, तुमचं स्पिरिटबी पिऊन घेईन. पुष्कराज घ्या. तो काई पीत नाई."

नर्स खळखळून हसली. "द्या मंग तोच! न पिणारा नवरा तं शोधला, आता खडाबी तसाच पाह्यजे!"

तेव्हापासून मी बोटाचं माप नंतर घेते. आधी विचारते, हे बोट दिवसभर काय करतं?

*

भद्रावतीकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवणारी एक पोरगी आली होती. सोबत तिचा होणारा नवरा, एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. त्यानं मोबाइलवर फोटो काढून आणला होता. तिच्यासाठी मोत्याची अंगठी, नाजूक, फुलासारखी.

तिनं हात काउंटरवर ठेवला. नखाच्या कडेला कोळशाची काळी रेघ. साबणानं न जाणारी.

चाचा उठून बाहेर आले, हे फार क्वचित होतं. "बेटा, धुळीत गारगोटीचा बारीक चुरा असते. मोती त्याच्याहून नरम. तू पुसत राह्यशील अन् तो घासत राहीन. माणिक घे. धूळ त्याचं काई बिघडवत नाई."

नवऱ्याचा चेहरा पडला. "पण मोती किती छान दिसते!"

"मंग तूच घाल ना," ती म्हणाली. "तुह्या हाताले माउसशिवाय लागते काय?"

साक्षगंधाचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तिच्या बोटात माणिक, त्याच्या बोटात मोती. आणि हात कोणी पुढे केला होता म्हणता? त्यानं!

*

नीलम विकणं सगळ्यात अवघड. खडा मजबूत, रंग देखणा, पण नाव काढलं की लोक दचकतात. शनीचा खडा ना!

कोरपन्याहून एक कापूसवालं कुटुंब आलं होतं. मुलगी शिक्षिका, तिला नीलमच हवा होता. होणाऱ्या सासूबाई मात्र खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या. "साक्षगंधात नीलम? मानवला नाई तं? घरात उलथापालथ करते तो!"

मी समजावलं, पोरानं समजावलं, मालकांनी चहा मागवला. सासूबाई बसायला तयार नाहीत. मुलीचे डोळे भरून आले. ट्रे परत ठेवायला मी हात लावला.

तेवढ्यात कोपऱ्यातले आजेसासरे काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "काऊन एवढी भिऊन राह्यली व? घरात सून येऊन राह्यली. उलथापालथ तं अशीबी होणारच हाय!"

सासूबाईंनाच सगळ्यात जास्त हसू आलं. नीलम गेला.

*

हल्ली पोरं व्हिडिओ बघून येतात. एक इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, मी स्वतः टेस्ट करणार." मी म्हटलं, करा की. त्यानं खडा उचलला आणि कर्रर्र करून ओढली रेघ. आमच्या शोकेसच्या काचेवर!

"असली आहे!" तो विजयी मुद्रेनं म्हणाला.

"खडा असली आहेच," मी म्हटलं, "पण काच आमची होती!"

केबिनमधून चाचांनी विचारलं, "काच तं गारगोटीबी कापते. मंग गारगोटीचीच अंगठी करून देऊ काय?"

बिचारा इतका ओशाळला की लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा काच पुसायचं कापडही घेऊन आला.

*

आणि ती एटापल्लीची वनरक्षक. जंगलात पायी गस्त घालणारी, बोलायला फटकळ. साक्षगंधाला आमच्याकडचं माणिक नेलं होतं. चाचांनी ते चारही बाजूंनी सोन्याच्या काठात बसवलं होतं, वर खडा धरणारा काटा एकही नाही. "झाडाझुडपात अडकाले काई नको," म्हणाले होते.

चार महिन्यांनी ती परत आली. बोटाला पट्टी, हातात कागदाची पुडी. जीपच्या दारात हात सापडला होता. अंगठी चेपून बोटात रुतली, ती दवाखान्यात कापून काढावी लागली. पुडी तिनं काउंटरवर ठेवली. "चाचा, बोट वाचलं. अंगठी गेली."

चाचांनी पुडी उघडली. वाकडे झालेले सोन्याचे तुकडे बाजूला केले, खडा भिंगाखाली धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला.

"गेली म्हणते," ते म्हणाले. "कुठी गेली? सोनं तं वाकतेच. माणकाले ओरखडा नाई."

मी स्वतः भिंगातून बघितलं. खरंच नव्हता! मालकांनी तर ते भिंग दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्याला लावलं. नवीन अंगठीत तेच माणिक बसवून दिलं, तेव्हा डोळे पुसत ती म्हणाली, "खडा तं परीक्षा पास झाला. आता होणाऱ्या नवऱ्याची घेतो!"

*

आता चाचांच्या घरचं सांगते.

त्यांची मुलगी शबाना. शाळेत होती तेव्हापासून बापाच्या शेजारी बसून खडे बसवायला शिकली. दुकानातली बारीक कामं चाचा घरी न्यायचे, त्यातली निम्मी ती करायची. चाचा कधी बोलले नाहीत, पण आम्हाला कळायचं. गेल्या दोन वर्षांत चाचांची बोटं थरथरायला लागली होती. बाकी सगळं ते बसवत होते, पन्ना, म्हणजे पाचू, मात्र घेईनासे झाले होते. पन्ना दिसायला कडक, पण त्याच्या पोटात जन्मापासूनच बारीक भेगा असतात. काठ दाबताना जोर जरासा चुकला, की दोन तुकडे.

रविवारी दुपारी शबानाची मंगनी, म्हणजे त्यांच्याकडचं साक्षगंध, होती. दुकानातले आम्ही सगळे चाचांच्या घरी गेलो होतो. मुलाच्या आईनं डबी उघडली. आत पन्न्याची अंगठी! त्यांच्या स्वतःच्या मंगनीची, त्यांच्या सासूनं घातलेली.

त्यांनी ती शबानाच्या बोटाजवळ नेली. शबानानं हळूच ती त्यांच्या हातातून घेतली, कानाजवळ धरून हलवली.

"खाला, खडा हलून राह्यला," ती होणाऱ्या सासूला म्हणाली. "काठ झिजला. आज घातली तं पडन."

मुलाची आई कसंनुसं हसून म्हणाली, "तुझे अब्बा आहेत ना. ते बसवून देतील."

सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

शबाना उठली. जरीची ओढणी खांद्यावरून मागे खोचली आणि खिडकीजवळ बापाच्या कामाच्या जागी जाऊन बसली. भिंग लावलं. पोलादी सळई घेऊन काठ दाबायला लागली. आधी एक बाजू थोडी, मग तिच्या समोरची थोडी, मग पुन्हा पहिली. मुलाच्या आईनं तोंडावर हात ठेवला होता. माझ्या हातातला चहा गार होऊन गेला. कुठेतरी बारीक 'टक्' झालं आणि आम्ही सगळे दचकलो. खिडकीची कडी होती!

शेवटी तिनं अंगठी कानाशी हलवली. मग होणाऱ्या सासूच्या कानाशी हलवली. आवाज नव्हता. मग अंगठी बापाच्या हातात दिली.

चाचांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघत राहिले. अंगठी फिरवली, पुन्हा बघितली. मुलाच्या आईकडे देत म्हणाले, "घाला."

अंगठी बोटात गेली, बायकांनी एकच गलका केला, मिठाई फिरायला लागली. चाचा माझ्या शेजारी येऊन बसले. भिंग अजून हातातच होतं.

"सुनंदाबाई," ते हळू म्हणाले, "माह्याच्यानं नसतं झालं."