बारवेतले पांढरे कण

माठाच्या ओल्या फडक्याचा वास आला की जामखेडकडची आमची बारव आठवते. दुष्काळात पाणी शेवटच्या पायरीशी गेलेलं. सासूबाईंच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघत होता; गाव म्हणे, देवीचा कोप. आग थांबावी म्हणून त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या. नारूसाठी गावात आलेल्या नर्सबाईंनी तेच पाणी फडक्यातून गाळलं, फडकं काचेच्या पेल्यात खळबळलं आणि पेला उन्हात धरला. आत पांढरे कण उड्या मारत होते, जिवंत. "यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात. तुमच्या जखमेतून ती पाण्यात उतरतात, मग पिणाऱ्याच्या अंगात जातात." सासूबाई बघतच राहिल्या. "एवढुसं हाय, अन् आख्खं गाव आडवं केलं," म्हणत त्यांनी पाय अलगद पाण्याबाहेर घेतला. आता घरात नळ आहे, तरी रोजचा पहिला पेला मी उन्हात धरून बघते.