दुसरी सही

आमच्या लॅबचे किस्से सांगायला बसलं की चहा हमखास थंड होतो. पनवेलच्या एका कॉलेजातली ती गच्चीखालची खोली. सर येऊन-जाऊन असायचे. एरवी माणसं तीनच. मी, पीएचडी करणारी वैदेही आणि बेलपाड्याचे म्हात्रे काका. काकांनी सगळी नोकरी मलेरियाच्या स्लाइड्स वाचण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून आमच्याकडे आले.

*

काकांचं एक रजिस्टर होतं. मलेरियाचा जंतू ज्याला आधी दिसला त्याची पहिली सही, ज्याने खात्री केली त्याची दुसरी. एकदा सरांनी घाईत न बघताच दुसरी सही ठोकली. काकांनी पान परत त्यांच्यापुढे धरलं.

"साहेब, आदी बगा."

सर मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसले!

*

वैदेहीचं काम कॉम्प्युटरवर. जंतू म्हणजे एकच पेशी. अशी एकेक पेशी घेऊन तिच्यात कुठले जीन्स चालू आहेत ते मोजायचं आणि सारख्या पेशींचे ठिपके जवळजवळ मांडायचे. त्यावरून जंतू कसा वाढतो ते कळतं. काकांनी एवढंच विचारलं की कोवळा जंतू कुठला. तिथून पडद्यावर बोट फिरवत पुढच्या सगळ्या अवस्था ओळीने सांगितल्या. वैदेही बघतच राहिली.

*

मग तिला ठिपक्यांचा एक वेगळाच पुंजका सापडला. कुणीच न पाहिलेली अवस्था! दोन वर्षांची मेहनत, सगळा थिसिस त्यावर. आम्ही पेढे आणले. काकांनी पेढा हातातच धरला.

"ह्या सगल्या पेशी एकाच दिवशीच्या तर नाय?"

काका स्लाइडच्या कडेला रंगाच्या बाटलीची तारीख लिहायचे. रंग बदलला की तोच जंतू वेगळा दिसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. वैदेहीने तपासलं. जवळजवळ सगळ्या पेशी एका मंगळवारच्या निघाल्या, तळोज्याकडची विजेची लाइन गेली होती आणि सॅम्पल ताटकळलं होतं त्या दिवशीच्या. म्हणजे वेगळेपण जंतूचं नसून ताटकळण्याचं असणार.

तिने दोन दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी सरांना स्वतःच जाऊन सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

*

मंगळवार वगळून तिने सगळं पुन्हा केलं. पुंजक्यात उरल्या अकरा पेशी, पण निरनिराळ्या दिवसांच्या. आता तसा जंतू डोळ्यांनी दिसला तरच खरं, नाहीतर थिसिस गेला. फक्त तोच जंतू चमकेल असा रंग घालून स्लाइड्स केल्या. काका चार दिवस मायक्रोस्कोपला चिकटून. रोज संध्याकाळी "नाय".

पाचव्या दिवशी ते उठले आणि त्यांनी वैदेहीला स्टुलावर बसवलं. तिने बराच वेळ डोळा काढला नाही.

तोवर काकांनी रजिस्टर उघडून दुसऱ्या रकान्यात सही केली होती. पेन त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"काका, आधी तुम्हाला दिसला."

"नाय पोरी. मी निस्ती खात्री केली."