आटणीआधीचा फोटो

खानापूर-आटपाडीच्या माळावर कुसळं उगवतात आणि माणसं उगवतात. कुसळं तिथंच राहतात, माणसं देशभर पांगतात. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफबाजारात जा, एखाद्या बोळाच्या टोकाला भट्टीचं धुराडं दिसेल, आणि त्या धुराड्याखाली या माळावरचा कुणीतरी गडी मांडी घालून बसलेला असेल. जुने दागिने मुशीत घालून आटवायचे, त्यातलं हीण काढायचं आणि चोख सोन्याची लगड करून द्यायची, असा हा गलाईचा धंदा. सोनार घडवतो, गलाईवाला मोडतो. घडवणाऱ्याचं नाव लोक काढतात. मोडणाऱ्याचं कोण काढणार?

दिल्लीत, करोल बागेच्या एका बोळात, विलास हेच काम करतो. आला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. आता मिशी पांढरी झाली. हात भट्टीनं रापलेले, डोळे मात्र शांत, विहिरीतल्या पाण्यासारखे.

तो चुलत्याच्या हाताखाली शिकत होता तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी पंजाबी बाई आदल्या दिवशी कंगन आटवायला देऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी परत आली. "बेटा, एक बार दिखा दे," म्हणाली. दाखवायचं काय? चुलत्यानं लगड तिच्या हातावर ठेवली. तिनं ती गालाला लावली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत दिली. विलासच्या मनात ते रुतून बसलं. पुढं दुकान त्याच्या हाती आलं, खिशात फोन आला, आणि त्यानं स्वतःचा एक रिवाज पाडला. मालकिणीला विचारायचं, तिनं हो म्हटलं की आटणीआधी दागिन्याचा फोटो काढायचा. एक पुढून, एक मागून, एक जिथं नक्षी असेल तिथून. या रिवाजासाठी कुणी त्याला शाबासकी दिली नाही आणि त्यानं कुणाची वाट पाहिली नाही. पण मनातून त्याला त्याचा अभिमान होता. मोडणाऱ्यानंही काही राखावं, असं त्याला वाटे.

फोटो वाढत गेले. फोन बदलले. शेवटी मुलीनं मनावर घेतलं. तेजश्री गुडगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दिल्लीतच वाढलेली, त्यामुळं तिची मराठी हिंदीच्या अंगणात खेळून आल्यासारखी असते. एके दिवशी ती एक काळी पेटी घेऊन आली आणि वायफायच्या डबीशेजारी टीव्हीखाली ठेवली.

"पप्पा, हा आपला घरचा सर्व्हर. तुमचा फोन घरी आला की फोटो आपोआप यात. आत दोन डिस्क आहेत, बिल्कुल सेम टू सेम. एक खराब झाली तरी दुसरी चालू राहील."

"जुळ्या म्हण की," विलास म्हणाला. त्याला पेटी आवडली. तिचे हिरवे दिवे लुकलुकत, देवापुढच्या समईसारखे.

तेजश्रीनं आणखी एक सुटी डिस्क आणली होती. दिवाळीत तिनं ती पेटीला जोडून सगळं उतरवून घेतलं आणि बजावलं, "हे दर महिन्याला करायचं, पप्पा. हा खरा बॅकअप."

"आत दोन असताना तिसरी कशाला? घरात दोन सुना असल्यावर शेजारणीला कोण बोलावतं?"

"पप्पा, यार, तसं नसतं ते—"

पण तिला फोन आला, ती बोलत बोलत गॅलरीत गेली, आणि गोष्ट अर्धीच राहिली. सुटी डिस्क विलासनं दुकानात नेली आणि तिजोरीत ठेवून दिली. किमती वस्तू तिजोरीत ठेवायची, एवढं त्याला कळत होतं. ती पुन्हा बाहेर आली नाही.

उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न झालं. लग्नाचे व्हिडिओ पेटीत ठेवायचे होते, आणि पेटी म्हणत होती, जागा संपली. विलासनं विचार केला. दुकानात त्याच्याकडं दोन मुशी असतात, एक रोजच्या कामाची, एक राखीव. पेटीतल्या दोन डिस्कांचंही तसंच असणार. पुढची रिकामी केली तरी मागचीत आहेच. त्यानं 'दुकान' नावाचं दागिन्यांच्या फोटोंचं सगळं दालन पुसलं. तरी जागा होईना, तेव्हा पेटीतली कचराकुंडीही रिकामी केली. पुतण्याची वरात थाटात आत गेली. फोनमधले फोटो तर पेटीत गेले की तो आधीपासूनच पुसत असे.

श्रावणात हेमलताबाई दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, यजमान मंत्रालयात, माहेर अमरावतीचं. होळीच्या सुमारास त्या आईची वाकी घेऊन आल्या होत्या. आई गेलेली, वाकी एक, बहिणी तिघी. कुणी कुणाला देईना, म्हणून आटवून तीन भाग केले. विलासनं तेव्हा फोटो काढला होता. "तुम्हाला पाठवू?" असं विचारलं तर बाई म्हणाल्या होत्या, "नको. पाहिलं की जीव अडकतो."

आता त्या वेगळंच बोलत होत्या. "विलासराव, आम्ही तिघींनी ठरवलंय. आपापल्या सोन्याचं एकेक छोटं पदक करायचं, वाकीवर मधोमध जे नक्षीकाम होतं तसंच. कारागीर म्हणतो फोटो आणा. आमच्याकडे एकही नाही हो. दंडावरची वस्तू, आईचा पदर कायम त्यावरून. तुमच्याकडे आहे ना?"

"आहे की," विलास म्हणाला. "उद्या या."

घरी येऊन त्यानं पेटी उघडली. दालन नव्हतं. तेजश्रीला हाक मारली.

"मागच्या डिस्कमधून काढून दे."

"मागची कुठली?"

त्यानं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पप्पा! त्या जुळ्या नाहीत, आरसा आहे तो! तुम्ही इकडे टिकली काढली की आरशातलीपण जाते ना? एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळते. तुम्ही पुसलं, तर दोन्हींतून पुसलं जातं."

"आणि कचराकुंडी?"

"तीपण रिकामी केलीत? दुकानातला केर चाळून सोनं काढता, आणि इथला केर फेकून दिलात?"

तेजश्रीनं कसले कसले प्रोग्राम लावून पाहिले, ऑफिसातल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, त्या जागेवर लग्न लिहिलं गेलंय, आता कठीण आहे.

सकाळी दुकान उघडताच विलासनं तिजोरीतली डिस्क काढून घरी आणली. जोडली. दिवाळीपर्यंतचं सगळं होतं. जोंधळी पोतीपासून राजस्थानी बायकांच्या कपाळावरच्या बोरापर्यंत, वर्षांमागून वर्षं, रांगेनं. दिवाळीनंतरचं काहीच नव्हतं, आणि वाकी होळीची.

"वाकी म्हणजे काय, पप्पा? बाकी?" तेजश्रीनं विचारलं.

"दंडात घालायची. ही बघ," म्हणत त्यानं एक जुना फोटो मोठा केला आणि स्वतःच थबकला. अमरावतीकडचाच घाट, मधोमध फूल, फुलात पाखरू. हेमलताबाईंच्या वाकीत राघू होता असं त्याला अंधुक आठवत होतं. यात राजहंस होता. पण पाखरू ते पाखरू.

वासंती, त्याची बायको, मागून वाकून पाहत होती. "अहो, हाच द्या ना. त्यांना तरी कुठं नीट आठवतंय? बिचाऱ्यांचं काम होईल, तुमची अब्रू राहील."

"वासंती, मी बावन्नकशीचं काम करतो."

"सोन्याचं करता. हा फोटो आहे."

विलास उठला. तो जेवला नाही. दुकानाकडं जाताना फोनमध्ये तो फोटो होता, आणि बोळ संपेपर्यंत त्याचं ठरत नव्हतं. बाई काही तपासणार नव्हत्या. त्यांच्या समाधानात खोट काय होती? खोट एवढीच की ती त्याला माहीत होती.

हेमलताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. विलास उभाच राहिला.

"बाई, तुमचा फोटो गेला. माझ्या हातानं गेला. राखीव आहे असं समजून मी पुसला, आणि राखीव काही नव्हतंच."

बाईंचा चेहरा उतरला. "तुमच्या भरवशावर तर..." एवढंच म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या हातातल्या फोनवरच्या फोटोकडं गेलं. "हा कुठला?"

"दुसऱ्या कुणाची वाकी आहे. तुमच्यासारखी. फक्त दाखवायला आणला."

बाईंनी फोन घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग आपला फोन काढून पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "सुनेत्रा, बघ गं, आपल्या आईची अशी होती का?"

"छे! आपला राघू होता."

"राघूच होता. उजवीकडे बघणारा."

"डावीकडे, ताई! मी न्हाऊ घालायचे आईला, मला माहितीये. आणि त्याची चोच झिजलेली होती, चिमणीसारखी दिसायची."

"तू काय न्हाऊ घालणार? तेव्हा तू होस्टेलला होतीस."

"झालं हिचं सुरू! धाकटीला घे कॉलवर, ती सांगेल."

धाकटी बंगळुरूहून कॉलवर आली आणि म्हणाली, राघू समोर बघायचा. मग तिघी एकदम बोलू लागल्या. आटणीच्या दिवशी हेमलताबाई एकट्याच आल्या होत्या आणि बहिणींचं नाव निघताच ओठ आवळत होत्या, हे विलासला आठवलं. भट्टी थंड होती. तो ऐकत राहिला.

बऱ्याच वेळानं फोन बंद करून बाई उठल्या. डोळे ओले होते, पण हसत होत्या. "कारागिराला आम्हीच सांगू. तिघींचे राघू तीन दिशांना बघतील, बघू देत." पायरी उतरताना थांबल्या. "सांगितलंत ते बरं केलंत, विलासराव. नाहीतर आम्ही तिघी दुसऱ्याच कुणाच्या आईचं पाखरू गळ्यात घालून फिरलो असतो. पण रागही आलाय मला तुमचा. तो राहणार."

"राहू द्या," विलास म्हणाला.

रविवारी तो पेटीसमोर मांडी घालून बसला. "शिकव," तेजश्रीला म्हणाला. तिनं शिकवलं. दोन सुट्या डिस्क, आळीपाळीनं. एक जोडायची तेव्हा दुसरी दुकानात. घराला काही झालं तर दुकानातली, दुकानाला झालं तर घरची. त्यानं स्वतःच्या हातानं आधी जुने फोटो पेटीत परत घातले, मग सगळं डिस्कांवर उतरवलं.

"आता शेवटचं. पेटीतला एक फोटो पुसा आणि डिस्कमधून परत आणा. नुसता बॅकअप घेऊन चालत नाही, पप्पा. तो परत येतो का, ते बघावं लागतं."

विलासनं राजहंसाची वाकी निवडली. बोट उचललं, पण खाली येईना. जन्मभर त्यानं खरेखुरे दागिने मुशीत टाकले होते, कधी हात अडला नव्हता.

"दाबा ना. आहे तो तिकडे."

"मागच्या वेळीपण आहे असंच वाटलं होतं."

"म्हणून तर."

त्यानं दाबलं. पडद्यावरची चौकट रिकामी झाली. मग तेजश्रीनं दाखवलं तसं डिस्कमधून ओढून आणलं, आणि फोटो पुन्हा जागेवर आला. तेजश्री उठू लागली. विलासनं तिला हातानं थांबवलं, फोटो मोठा केला, फुलाची एकेक पाकळी, हंसाची मान, मागचा फिरकीचा झिजलेला आटा सावकाश निरखला.

"हीच आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या फोटोकडं वळला.